शेवटचा प्रश्न आणि मैदानाच्या तीन फेऱ्या

अकरा वर्षं मी मुलांच्या खेळाचे तास घेतले. खेळ शिकवला नाही, त्या तासांना गणित शिकवलं. दोंडाईच्यापासून स्कूटीने अर्ध्या तासावर आमची माध्यमिक शाळा आहे. नववी-दहावीचं गणित माझ्याकडे. अभ्यासक्रम कधी वेळेत संपायचा नाही, आणि वेळापत्रकात खेळाचे तास तर आयतेच समोर असायचे. मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत जायची आणि क्रीडाशिक्षकांना विचारायची, "नाना, आज नववी ब देता का?"

सगळी शाळा त्यांना नानाच म्हणायची. ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणायचे, "घ्या ना मॅडम, मुलांचं कल्याण होऊ दे."

मी खडूचा डबा उचलून निघायची. मुलांचे चेहरे पडायचे, ते मला दिसायचं. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी हीच मुलं आपले आभार मानतील, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. आपण फार कष्टाळू शिक्षिका आहोत असंही मला वाटायचं. मुख्याध्यापकही तसं म्हणायचे.

मग एक मुलगी नववी बमध्ये माझ्या वर्गात आली.

बाप गावातच ट्रॅक्टर चालवायचा, आई कापूस वेचायला आणि कांदा लावायला जायची. घरात दोन मुली, ही थोरली. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर भूमितीचं एक प्रमेय मांडत होते. तिने हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, इथे ही रेघ न काढताही होईल." मी थांबले. ती फळ्याजवळ आली आणि तीन ओळींत प्रमेय सिद्ध करून जागेवर जाऊन बसली. वीस वर्षांच्या नोकरीत असं माझ्यासमोर दुसऱ्यांदाच घडत होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, "या पोरीला मी कुठल्या कुठे नेऊन ठेवीन बघ."

ती बारीक होती, रंगाने फिकट. वहीवर इतकी वाकून लिहायची की नाक पानाला लागायचं. दुपारनंतर हाताच्या घडीवर डोकं टेकवायची. अभ्यास फार करत असेल, असं मला वाटायचं, आणि ते खरंही होतं.

पहिल्या सत्राच्या परीक्षेत मी तिची उत्तरपत्रिका सगळ्यात आधी काढली. पहिले तीन प्रश्न अगदी बरोबर. चौथा अर्धवट. पाचवा कोराच. पाचव्या प्रश्नातलं उदाहरण तिने वर्गात मला दोन वेगवेगळ्या रीतींनी करून दाखवलं होतं. मराठीच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्याकडेही तेच आहे. निबंधाच्या चार ओळी लिहिल्या आणि सोडून दिलं. अक्षरही शेवटी शेवटी पार सांडलेलं."

मी तिला बोलावलं. पेपर तिच्यासमोर ठेवला.

"हे येत नव्हतं?"

तिने मान हलवली. येत होतं.

"मग वेळ पुरला नाही?"

"वेळ होता."

"मग लिहिलं का नाहीस?"

आमची मुलं वर्गात पुस्तकी मराठी बोलतात, पण मनातलं बोलायचं झालं की घरची अहिराणी बाहेर येते. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, माले बठ्ठं येस. पन हात चालत नही. पाठ दुखस, डोकं गरगरस. मंग काहीच दिसत नही."

सगळं येतं, पण हात चालत नाही. हे ऐकून माझ्या मनात पहिला विचार काय आला? सराव कमी पडतोय, हा. मी तिला रोज एक जास्तीची प्रश्नपत्रिका द्यायला लागले. मधल्या सुट्टीत ती बाकावर बसून ती सोडवायची. इतर मुली बाहेर सागरगोटे खेळायच्या, ती आत. पंधरा दिवसांतच तिचं डोकं जास्तच दुखायला लागलं आणि एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती खाली बसली. पडली नाही, पण बसली ती उठेना.

तिला घेऊन मी आणि तिची आई दोंडाईच्याला डॉक्टरबाईंकडे गेलो. आधी डोळे तपासून घेतले, ते ठणठणीत निघाले. रक्त मात्र कमी होतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती दप्तरात टाकून ठेवायची, कारण ती घेतली की मळमळायचं. डॉक्टरबाईंनी ती जेवणानंतर घ्यायला सांगितली, गूळ-शेंगदाणे खायला सांगितले आणि मग आईला विचारलं, "ही खेळते काय काय? घरात काम काय करते?"

आईने पदर सारखा केला आणि अभिमानाने सांगितलं, "नही बाई. तिले आम्ही काडीबी उचलू देत नही. ती फक्त अभ्यास करस."

डॉक्टरबाई आईकडे बघून नुसत्या हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, बसायलासुद्धा ताकद लागते हो."

ते वाक्य मी ऐकलं आणि तिथेच सोडून आले.

पुढच्या आठवड्यात शाळेत मुलांची शारीरिक क्षमता चाचणी होती. दरवर्षी असते. वजन, उंची, पुढे वाकून पायाची बोटं धरणं आणि सहाशे मीटर धावणं. आमच्या मैदानाच्या तीन फेऱ्या. आतापर्यंत ती कागदावर कशी उरकली जायची हे मला माहीत होतं. पण त्या वर्षी नाना मनगटात घड्याळ घालून, गळ्यात शिट्टी अडकवून खरोखर मैदानात उभे राहिले. दीड वर्षाने ते निवृत्त होणार होते. कदाचित म्हणूनच.

नववी बच्या मुली निघाल्या. शेवटच्या बाकावरची एक मुलगी होती, पाच किलोमीटरवरच्या वस्तीवरून रोज सायकलने यायची. गणितात तिला कधी दहाच्या वर गुण मिळाले नव्हते. ती तिन्ही फेऱ्या अशी मारून आली जणू विहिरीवरून पाणी आणायला गेली होती. बाकीच्या मुली धापा टाकत, हसत, चालत, पळत आल्या. माझी हुशार मुलगी पहिल्या फेरीत मागे पडली आणि दुसरी सुरू होताच कडुनिंबाखाली जाऊन बसली. ओठ पांढरे पडलेले. मी पाणी घेऊन धावले. चाळीस पावलं असतील जेमतेम, पण तिच्याजवळ पोचले तेव्हा माझाही श्वास छातीत मावत नव्हता.

नाना हळूहळू चालत आले. तिला बघितलं, मला बघितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "अकरा वर्षं मी तुम्हाला तास दिले. आता तुम्ही मला ही पोरगी द्या."

"नाना, पुढच्या वर्षी दहावी आहे तिची."

"म्हणूनच मागतोय."

दुपारी नेहमीसारखी शिक्षकांच्या खोलीत गेले आणि नववी बचा तास मागितला. नानांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

"नाही देणार."

खोलीतले सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी चिडले. म्हणाले, "आजपर्यंत बरे दिलेत! तेव्हा नाही मुलांच्या तब्येतीची काळजी वाटली?"

"नाही वाटली," नाना म्हणाले. "तुम्ही मागायच्या, मला पेपर वाचायला मिळायचा. माझीच चूक आहे ती, तुमची नाही. पण आता दीड वर्षच राहिलंय. तेवढं तरी मला माझं काम करू द्या."

इतक्या सरळ माणसाशी भांडणार कसं? मी खडूचा डबा घेऊन परत वर्गात गेले. खिडकीतून मैदान दिसत होतं. नाना मुलांना गोलात उभं करून हात वर, हात खाली करायला लावत होते. मुलांना ते नीट जमतही नव्हतं, आणि तरी ती हसत होती. माझ्या वर्गात मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. तिथे उभी असताना मला डॉक्टरबाईंचं वाक्य आठवलं. दोन तास ताठ बसायचं, मान वाकवून लिहायचं, डोकं थंड ठेवायचं, हे सगळं शरीरच करतं. मी त्या पोरीच्या डोक्याला इतके महिने खाऊ घालत होते आणि डोकं ज्याच्यावर बसवलंय त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच शेतातून आली होती, हातपाय धूत होती. मी तिला सांगितलं की दिवाळीनंतर शाळा भरायच्या आधी, साडेआठला, मुलीला मैदानावर पाठवा. नाना सराव घेतील.

आईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मॅडम, आम्ही उनमा राबतस ते कसाले? तिले उनमा जानं पडू नये म्हनीसन. आन् तुम्ही तिले पळाले सांगतस? काळी पडी जाई. पाय मोडी गया तं? लोकं काय म्हनतीन?"

आम्ही उन्हात राबतो ते तिला उन्हात जावं लागू नये म्हणून. तिचं चुकत नव्हतं. जे तिला मिळालं नाही ते ती मुलीला देत होती. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मी एकदम बोलून बसले, "मीही पळेन तिच्याबरोबर."

आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी सेहेचाळीस वर्षांची, अंगाने चांगली भरलेली, गुडघ्यांची कुरकुर सुरू झालेली. तिला हसू आलं. हसता हसता ती म्हणाली, "तुम्ही पळश्यात तं मंग धाडसू." तुम्ही पळाल तर मग पाठवीन. तिला वाटलं, मॅडम काही पळायच्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी धुळ्याला जाऊन पळायचे बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी का?" मी "हो" म्हणाले आणि माझ्याच मापाचे घेतले.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी पंजाबी ड्रेस आणि बूट घालून मी मैदानात उतरले तेव्हा कंपाउंडच्या भिंतीवर पंधरा-वीस जण बसलेले होते. गावात बातमी पोचली होती. धुळे जिल्ह्यातली थंडी कडक, तोंडातून वाफ निघत होती. मुलगी मोठ्या बहिणीचा असावा तसा ढगळ स्वेटर घालून आली होती. आईचाच होता तो. नाना म्हणाले, "आज पळायचं नाही. चालायचं. दोन फेऱ्या. बोलत बोलत."

आम्ही चाललो. भिंतीवरून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, गाडी पकडायची का?" मला इतकी लाज वाटली की दुसरी फेरी मी मान वर न करता संपवली. मुलगी मात्र हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही पन दमल्या ना?" आणि पहिल्यांदाच तिचे दात दिसतील असं हसली.

नानांची पद्धत अगदी साधी होती. पहिले पंधरा दिवस चालणं. मग एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळणं, पुढच्या खांबापर्यंत चालणं. दोरीवरच्या उड्या. भिंतीला हात लावून पाठीचे व्यायाम. "पाठ सरळ झाली की अक्षर सरळ होईल," असं ते म्हणायचे. सराव संपला की प्रत्येकीला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. ते नानांच्या घरून यायचे. मी मग मुलींच्या खोलीत जाऊन साडी नेसायची आणि पहिल्या तासाला फळ्यासमोर उभी राहायची. दुपारी तीनला माझे डोळे पेंगायचे ते थांबलंय, हे डिसेंबरात माझ्या लक्षात आलं.

आम्ही दोघीच फार दिवस राहिलो नाही. सायकलने येणारी मुलगी एका सकाळी लवकर आली आणि न विचारता आमच्याबरोबर पळायला लागली. तिच्या मागून दुसऱ्या आल्या. नानांनी सायकलवालीला गटाची प्रमुख केलं. कोणत्याही गोष्टीत तिला प्रमुख करण्याची ती पहिलीच वेळ असावी. ती माझ्या हुशार मुलीच्या शेजारून पळायची आणि तिला दम लागला की वेग कमी करायची. वर्गात मग हुशार मुलगी शेवटच्या बाकावर तिच्या शेजारी बसायला लागली. मी कारण विचारलं नाही. दोघी वहीत डोकं घालून समीकरणं सोडवताना दिसायच्या, तेवढं पुरे होतं.

जानेवारी संपता संपता माझ्या हुशार मुलीने तिन्ही फेऱ्या न थांबता पळून काढल्या. नानांनी शिट्टी वाजवली. मी दोन फेऱ्यांवर थांबले होते, तिथूनच टाळ्या वाजवल्या.

आणि त्यानंतरच्या घटक चाचणीत तिचे गुण कमी झाले.

फार नाही, पण कमी झाले. त्या आठवड्यात तिला सर्दी होती, आणि सकाळचा अभ्यासाचा तासही सरावात जात होता. आई शाळेत आली, वेचणीच्या कामावरून तशीच, डोक्याला फडकं बांधलेलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडमनं सांगं म्हनीसन धाडी. आते कोन जिम्मेदार?" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दहावीचा निकाल हवा होता, आणि ही मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ते म्हणाले, "मॅडम, उत्साह चांगला आहे, पण आता जरा आवरा."

मी आवरायला तयार झाले होते, हे कबूल करायला हवं. मनात मला पुन्हा ते जुनं, ओळखीचं गणित बरं वाटायला लागलं: जास्त तास, जास्त गुण. नाना एवढंच म्हणाले, "वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा. पेपर किती गुणांचा झाला ते नंतर बघा. आधी बघा, कोरा किती सोडला."

मग मुलीला आत बोलावलं. आईने तिला विचारलं, "बस झालं ना आते पळनं?"

ती पोरगी माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिने बघितलं नाही. ती आईकडे बघून म्हणाली, "आई, मी उद्या बी येसू. मन्हं डोकं आते दुखत नही."

मी उद्याही येणार. माझं डोकं आता दुखत नाही. ती फार मोठ्याने बोलली नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. आईने तिच्या कपाळाला हात लावला, जणू ताप बघतेय. मुलीच्या डोकेदुखीपायी आईनेही कमी रात्री जागून काढल्या नसतील. आई उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "वार्षिकपर्यंत." बस्स, इतकंच.

वार्षिक परीक्षेत तिने एकही प्रश्न सोडला नाही. शेवटच्या उदाहरणात बेरजेची चूक होती. त्या चुकीवर लाल पेनने गोल करताना मला जो आनंद झाला तो कुठल्याही बरोबर उत्तराने झालेला नाही. चूक करण्यापर्यंत ती पोचली होती.

दहावीच्या वर्षी नाना आणि मी मिळून मुख्याध्यापकांना भेटलो. दहावीच्या दोन्ही तुकड्यांचे खेळाचे तास खेळालाच राहतील, असं ठरवून घेतलं. मला वाटलं होतं, फार बोलावं लागेल. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गणिताच्या मॅडमच म्हणतायत म्हटल्यावर मी काय बोलू?"

पावसाळा संपल्यावर शिंदखेड्याला तालुक्याच्या शालेय स्पर्धा झाल्या. नानांनी पंधराशे मीटरला दोघींची नावं दिली. आम्ही जीपने गेलो, मागच्या सीटवर पाण्याचा जार आणि ज्वारी-उडदाच्या, म्हणजे कळण्याच्या भाकरी. हुशार मुलीची आई पण आली, कारण "कोठे पडनी तं?" शर्यत सुरू झाली. सायकलवाली पहिल्या फेरीपासून पुढे होती. हुशार मुलगी मधोमध, मान ताठ, हात शिकवल्याप्रमाणे. दोन मुली मध्येच बाहेर पडल्या. ही नाही पडली. शेवटच्या फेरीत तिने पुढच्या दोघींना मागे टाकलं आणि सहावी आली. सायकलवाली दुसरी आली आणि जिल्ह्याला, धुळ्याला निवडली गेली. मी इतकी ओरडले की दोन दिवस वर्गात मला खुणांनी शिकवावं लागलं. सहाव्या नंबराला काही मिळत नाही. पण तिची आई भाकरी सोडून मैदानाच्या कडेला धावत गेली आणि तिने मुलीचं तोंड पदराने पुसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सव्वी उनी! बठ्ठ्या शाळास्न्या पोरी व्हत्यात, आन् मनी पोर सव्वी उनी!" सगळ्या शाळांच्या मुलींत माझी मुलगी सहावी.

बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेत नव्हतं. गणिताच्या दिवशी गणिताच्या शिक्षकांना पर्यवेक्षण देत नाहीत, म्हणून मी केंद्राच्या फाटकाबाहेर झाडाखाली उभी होते. मार्चचं ऊन, खान्देशातलं. दोन तास मी तिथे उभी राहिले. मला पुन्हा पुन्हा वाटत होतं की दीड तास झाला, आता तिचा हात थांबला असेल, आता ती डोकं टेकवत असेल. घंटा झाली. मुलं लोंढ्याने बाहेर आली. ती शेवटी आली. हाताला शाई लागलेली.

"कसा गेला?"

"पुरवणी घेतली, मॅडम. पूर्ण झाला. वीस मिनिटं उरली होती, सगळं परत तपासलं." मग जरा थांबून म्हणाली, "हात दुखला, पण चालला."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या खांद्यावर आता हाडांशिवायही काहीतरी होतं.

पळाल्याने गणित येतं, असं मी कोणाला सांगणार नाही. गणित तिला आधीपासूनच येत होतं, मी शिकवण्यापूर्वीही येत असावं. जे येत होतं ते कागदावर शेवटपर्यंत उतरवायला जे लागतं ते तिने मैदानावरून मिळवलं. सायकलवालीची गोष्ट उलटी होती. तिच्या पायांत ताकद होतीच. आपण कशात तरी पुढे असू शकतो हे तिला मैदानाने दाखवलं आणि त्या जोरावर ती फळ्याकडे बघायला लागली. निकाल लागला तेव्हा हुशार मुलगी शाळेत पहिली आली, गणिताच्या दोन्ही पेपरांत जेमतेम काही गुण कमी. सायकलवाली गणितात पास झाली. दोन्ही बातम्या मला एकाच फोनवर, एकाच मिनिटात कळल्या आणि कुठलीने डोळे भरून आले ते मला आजही सांगता येणार नाही. त्या वर्षी माझ्या विषयात कोणी नापास झालं नाही. मी त्या वर्गाला आधीच्या कुठल्याही वर्गापेक्षा कमी तास शिकवलं होतं.

निकाल लागला तो नानांचा निवृत्तीचा आठवडा होता. मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बादलीत पाय सोडून बसले होते. बातमी ऐकून त्यांनी शांतपणे एक पेढा खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाले, "मॅडम, पस्तीस वर्षांत माझं नाव कधी निकालात आलं नव्हतं."

"आता आलंय," मी म्हणाले.

"लिहिलंय कुठे?"

"मी सांगत फिरणार आहे ना."

ते हसले. मी सांगत फिरतेच आहे. लग्नात भेटलेल्या शिक्षकांना, बसमध्ये शेजारी बसलेल्या बायकांना, प्रशिक्षणाला आलेल्या अधिकाऱ्यांना. नवरा म्हणतो, तू एकच गोष्ट किती वेळा सांगशील? मी म्हणते, अजून ज्यांनी ऐकली नाही ते संपेपर्यंत.

पावसाळ्याच्या तोंडावर मुलीला धुळ्याला अकरावी विज्ञानाला प्रवेश मिळाला. वसतिगृहात पोचवायला तिची आई एकटी जायला घाबरत होती, म्हणून मीही गेले. बापाने ट्रंक एसटीत चढवून दिली. वसतिगृहाच्या कार्यालयात एक तरुण बाई फॉर्म भरून घेत होत्या. गाव, तालुका, गुण. गुण ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या आणि आईला म्हणाल्या, "खूप हुशार आहे हो तुमची मुलगी. अभ्यासच करत असेल दिवसभर."

आई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, हातात कापडी पिशवी. मला वाटलं ती नुसती हसेल. ती ताठ झाली आणि तिने शक्य तितक्या शहरी मराठीत सांगितलं, "अभ्यास करते. आणि पळते. तालुक्याला सहावी आली होती. तेही लिहा."

बाईंनी फॉर्मवर बघितलं. खेळाच्या रकान्यात तालुका स्पर्धेचा सहावा क्रमांक लिहायची तिथे पद्धत नसावी. तरी त्यांनी लिहिलं. मुलगी लाजून खिडकीबाहेर बघत होती. आई मात्र पुढे वाकून, एकेक अक्षर उमटताना बघत राहिली, आणि लिहून झाल्यावर मला म्हणाली, "बरोबर लिखं ना मॅडम? वाचा बरं."

मी मोठ्याने वाचून दाखवलं.